क्लिप कापतं, एक्स्ट्रॅक्ट वेचतं: सीमेवरच्या गावाचं काय करायचं?

पाणलोटाचे आणि पाण्याच्या ताळेबंदाचे नकाशे करणारी मुलं-मुली आता मराठवाड्यात ठिकठिकाणी दिसतात. मला त्याचं फार समाधान वाटतं. पण त्यांच्याकडून दर थोड्या दिवसांनी तोच प्रश्न येतो: "ताई, सगळे लेयर आपल्या पाणलोटापुरते करून घेतले, क्लिप मारलं, नकाशा झकास दिसतोय, पण बेरीज जुळेना." बेरीज जुळणार नाहीच. कारण जिथे वेचायचं होतं तिथे कापलंय, किंवा कापलंय बरोबर पण कापल्यानंतरचं काम राहून गेलंय. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप आणि एक्स्ट्रॅक्ट बाय लोकेशन ही दोन वेगळी अवजारं आहेत, आणि दोन्हींचा निकाल पडद्यावर बराचसा सारखा दिसतो, म्हणून ही गल्लत पुन्हा पुन्हा होते.

क्लिप तुम्हाला येतंच. व्हेक्टर मेनू, जिओप्रोसेसिंग टूल्स, क्लिप. वर कापायचा लेयर, खाली ज्या आकारात कापायचं तो ओव्हरले लेयर. रेषेच्या आतलं राहतं, बाहेरचं जातं. ओव्हरलेत सगळे जिल्हे असतील आणि एकच हवा असेल, तर तो निवडून "सिलेक्टेड फीचर्स ओन्ली"वर टिचकी मारायची. विसरलात तर आठही जिल्ह्यांच्या आकारात कापलं जातं आणि काहीच झालं नाही असं वाटतं. जनगणना २०११ वरून केलेल्या लेयरमध्ये नावानं जिल्हा शोधताना औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशीच नावं सापडतील, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव नाही. एवढं पुरे.

एक्स्ट्रॅक्ट बाय लोकेशन प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये मिळतं. ते काहीही कापत नाही. तुम्ही सांगितलेल्या अटीत बसणारी वस्तू ते अख्खी उचलतं आणि नव्या लेयरमध्ये ठेवतं. कापूस वेचताना आपण बोंड अर्धं काढत नाही. तसंच इथे गाव घेतलं तर पूर्ण घेतलं, सोडलं तर पूर्ण सोडलं. सिलेक्ट बाय लोकेशन म्हणजे हेच, फक्त नवा लेयर न करता निवड करून दाखवणारं. या दोघांत कुणीही अडकत नाही, म्हणून तिथे थांबत नाही.

बिंदूंच्या लेयरला, म्हणजे विहिरी, हातपंप, शाळा, पर्जन्यमापक यांना, काहीही वापरा. बिंदूचे तुकडे पडत नाहीत, निकाल तोच येतो.

खरी अडचण बहुभुजांची, म्हणजे जागा व्यापणाऱ्या आकारांची आहे, आणि त्यातही सीमेवरच्या गावाची.

पाणलोटाची सीमा माथ्यावरून जाते आणि गावाची शीव महसुलाच्या मोजणीवरून ठरते. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. त्यामुळे बालाघाटच्या डोंगररांगेतल्या कुठल्याही पाणलोटाची सीमा गावांच्या लेयरवर टाकून पाहा: दोनचार गावं पूर्ण आत, बाकीची अर्धी-मुर्धी कापलेली. आता या गावांवर क्लिप मारलं तर काय होतं? गावाचा आकार कापला जातो. पण त्या गावाची ओळ, म्हणजे ॲट्रिब्यूट टेबलमधली नाव, क्षेत्र, लोकसंख्या, कुटुंबं, जनावरं ही सगळी ओळ, जशीच्या तशी नव्या लेयरमध्ये येते. एक आकडाही बदलत नाही.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर पोटहिस्सा पडला, बांध घातला गेला, पण सातबारा जुनाच राहिला. चार हेक्टरांतला एक हेक्टर तुमच्या वाट्याला आला आणि कागदावर मात्र अजून चार हेक्टर. महसुलात असं कुणी खपवून घेणार नाही. नकाशावर मात्र आपण ते बिनदिक्कत खपवून घेतो, कारण डोळ्यांना तुकडा दिसतो आणि टेबल कुणी उघडत नाही.

हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. क्षेत्र हा रकाना त्याच्या लेखी नुसता एक आकडा आहे, गट नंबरासारखाच. तो आकाराशी बांधलेला आहे हे त्याला कसं कळावं? क्लिपच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलंय की क्षेत्र किंवा लांबी रकान्यात साठवलेली असेल तर ती हातानं नव्यानं भरावी लागेल. फार थोडे जण ते वाचतात.

आकड्यांनी पाहू. समजा तीन गावं आहेत. पहिलं पूर्ण पाणलोटात: ९०० हेक्टर, वस्ती १,९००. दुसऱ्याचं एकूण क्षेत्र १,२४० हेक्टर, पण पाणलोटात त्यातले ३१०च. वस्ती २,८६०, आणि गावठाण माथ्याच्या पलीकडे. तिसरं ७६० हेक्टरांचं, त्यातले ५७० आत. वस्ती १,४५०, गावठाण आत. क्लिप मारा आणि टेबलातल्या क्षेत्राच्या रकान्याची बेरीज करा: २,९०० हेक्टर. प्रत्यक्षात पाणलोटातली जमीन आहे ९०० अधिक ३१० अधिक ५७०, म्हणजे १,७८० हेक्टर.

आता यावर ताळेबंद मांडा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर १,७८० हेक्टरांवर १२,४६० टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर, पाणी पडतं. टेबलातल्या २,९०० हेक्टरांवर ते २०,३०० टीसीएम होतं. जास्तीचं ७,८४० टीसीएम पाणी कुठल्याही ढगातून आलेलं नाही, ते न बदललेल्या रकान्यातून आलंय. आणि मग त्या पाण्याच्या भरवशावर नाला बांध, शेततळी, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे सुचवले जातात. माझ्या जिवाला लागतं ते हे. दुष्काळी मुलखात नसलेलं पाणी कागदावर दाखवण्याइतकी वाईट चूक दुसरी नाही.

लोकसंख्येचं उलटं होतं, पण तेवढंच वाईट. त्याच टेबलात लोकसंख्येची बेरीज ६,२१० येते. माणशी रोज ५५ लिटर धरलं, जल जीवन मिशनचं जे प्रमाण आहे ते, तर रोजची गरज ३,४१,५५० लिटर. पण दुसऱ्या गावाचं गावठाण पाणलोटात नाहीच. त्या २,८६० माणसांची घागर दुसऱ्या पाणलोटात बुडते. ती वगळली की उरतात ३,३५० माणसं, आणि गरज १,८४,२५० लिटर. वर्षाकाठी फरक ५७ टीसीएमच्या वर जातो.

मी स्वतः एका आराखड्यात हेच केलेलं आहे. नकाशा छापला, गावात ग्रामसभेपुढे ठेवला. मागून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "बाई, आमच्या गावाचं एवढं शिवार ह्या ओढ्याला येतच न्हाई. निम्म्याचं पाणी तिकडं उतरतंय." त्यांनी हातानं माथ्याची दिशा दाखवली आणि नकाशावरची सीमा अगदी तिथेच होती. आकार बरोबर, आकडा चूक. त्या रात्री बसून सगळ्या गावांचं क्षेत्र नव्यानं काढलं. तेव्हापासून क्लिप झालं की पहिलं काम टेबल उघडणं, नकाशा बघणं नंतर.

तर क्षेत्राचं करायचं काय? क्लिप करा, आणि लगेच फील्ड कॅल्क्युलेटर उघडून नवा रकाना काढा. जुन्यावर लिहू नका, जुना "मूळ क्षेत्र" म्हणून राहू द्या. नवा भागिले जुना केलं की गावाचा कितवा हिस्सा आत आला ते कळतं, आणि तो आकडा पुढे फार कामाला येतो. आधी लेयर मीटरच्या प्रक्षेपणात, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या मांडणीत, आहे ना, ते बघा. मराठवाड्याला यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ३२६४३ हा कोड चालतो; किनवटकडचा थोडा भाग ७८ रेखांशाच्या पलीकडे जातो, पण तेवढ्यानं गावपातळीवरच्या कामाला बाधा येत नाही. अंशांतल्या लेयरवर जॉमेट्रीचं साधं क्षेत्रफळ काढलं तर चौरस अंश मिळतात. चौरस अंशांतलं शिवार कुणी नांगरत नाही.

लोकसंख्येचं मात्र हिश्शानं वाटप करू नका, ही माझी ठाम विनंती आहे. वरच्या उदाहरणात हिश्शानं वाटलं तर ३,७०० च्या आसपास माणसं येतात आणि आकडा दिसायला समजूतदार वाटतो. पण माणसं शिवारात सारखी पसरलेली नसतात. ती गावठाणात असतात, वस्तीवर असतात, तांड्यावर असतात. जमीन वाटता येते, माणूस वाटता येत नाही. इथे क्लिप नको, वेचणी हवी: गावठाणांचे आणि तांड्यांचे बिंदू घ्या, पाणलोटात पडतात ते वेचा, त्या-त्या ठिकाणची लोकसंख्या जोडा. गावठाणाचा लेयर नसेल तर उपग्रह चित्रावर घरं बघून बिंदू टाकायला गावामागे अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट द्या.

थोडक्यात लेयर हातात आला की विचारायचं: ही वस्तू कापली तर तिचा तुकडा खरा असतो का? मातीचा प्रकार, पीकक्षेत्र, वन, पडीक, पाझर तलावाचं बुडीत क्षेत्र: तुकडा खरा. क्लिप करा, क्षेत्र नव्यानं काढा. गाव (त्याची जमीन नव्हे, गाव म्हणून मोजताना), ग्रामपंचायत, शाळेचं कार्यक्षेत्र, लाभार्थ्याचा गट: तुकड्याला स्वतःचं अस्तित्व नाही. वेचा.

आता कुणी म्हणेल, मग गावांना सरळ एक्स्ट्रॅक्टच मारतो. मारा, पण त्यात एक खड्डा आहे. तिथे अट निवडावी लागते आणि आधीपासून निवडलेली अट असते "इंटरसेक्ट". तिचा अर्थ "भेटलं तरी चाललं" एवढा सैल आहे. नुसती शिवेला शीव लागलेलं शेजारचं गावही त्यात येतं. भूम तालुक्याची गावं वेचायला जा, आणि बाहेरच्या बाजूनं परांडा, वाशी, पाटोदा, जामखेडच्या गावांची एक माळ घेऊन परत या. वरच्या तीन गावांच्या उदाहरणात इंटरसेक्टनं वेचलं तरी बेरीज २,९०० आणि ६,२१०च येते, क्लिपच्या टेबलाइतकीच. दोन अवजारांचा आकडा एकसारखा आला म्हणून "चला, पडताळणी झाली" असं म्हणणारे मी पाहिलेत. दोन्हीकडे मूळ ओळी त्याच आहेत, म्हणून आकडा तोच आहे. ही पडताळणी नव्हे.

मग "आर व्हिदिन" लावावं का? पूर्ण आत असलेलंच गाव घ्यायचं, ही अट ऐकायला योग्य वाटते. पण तालुक्याची सीमा एका ठिकाणाहून आणि गावांची दुसऱ्या ठिकाणाहून आणलेली असते. दोन्ही रेषा कधीच तंतोतंत बसत नाहीत. एखादं गाव चार मीटर बाहेर डोकावतं आणि गळतं. कडेची निम्मी गावं अशी गळतात.

माझी पद्धत ठरलेली आहे. गावांच्या लेयरवर "पॉइंट ऑन सरफेस" चालवायचं. प्रत्येक गावाच्या आत एक बिंदू मिळतो. सेंट्रॉइड घेऊ नका. नदीकाठची चंद्रकोरीसारखी गावं असतात, त्यांचा मध्यबिंदू शेजारच्या गावात पडतो. ते बिंदू तालुक्यात पडतात का ते वेचायचं आणि गावाच्या कोडवरून मूळ गावं जोडून घ्यायची. नावावरून जोडू नका, पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

रेषा न जुळण्याचा त्रास क्लिपलाही आहे. तालुक्याच्या सीमेनं गावं क्लिप केली की शेजारच्या गावांच्या बारीक चिपा आत येतात: तीन-चार आर जमीन, केसाएवढी पट्टी, नकाशावर दिसतही नाही. पण टेबलात तिची पूर्ण ओळ असते, गावाच्या नावासकट आणि सगळ्या लोकसंख्येसकट. तालुक्यात ९६ गावं आहेत आणि तुमच्या लेयरमध्ये ११९ झाली, तर आधी या चिपा शोधा. नवा क्षेत्र-रकाना चढत्या क्रमानं लावला की सगळ्या वर येऊन बसतात.

नद्यांचं दुखणं याच जातीचं. मांजरा बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरून बरंच अंतर वाहते. गोदावरी बीडची उत्तर सीमा धरून जाते, पलीकडे जालना. म्हणजे नदीची रेषा आणि जिल्ह्याची रेषा एकाच पात्रात, पण वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी काढलेल्या. बीडच्या सीमेनं नदीचा लेयर क्लिप केला की गोदावरी तुटक-तुटक होते: इथे दोन किलोमीटर आहे, पुढे एक नाही, मग पुन्हा आहे. आतबाहेर होणारं प्रत्येक वळण कापलं जातं. मी गोदावरीचे असे तुकडे छापील अहवालात पाहिलेत आणि खरंच वाईट वाटलं. नदी वेचा, कापू नका. नकाशाच्या चौकटीबाहेर ती थोडी पुढे गेली तर बिघडत नाही. नदी पुढे जातेच. कापायचीच असेल तर सीमेला एखाद किलोमीटरचं बफर, म्हणजे बाहेरून तेवढी पट्टी, देऊन त्या आकारात कापा. आणि लांबीचा रकाना? क्षेत्राचाच न्याय, नव्यानं काढा.

पुष्कळदा कापण्याची गरजच नसते, हेही सांगायला हवं. फक्त छापताना तालुक्याबाहेरचं झाकायचं असेल, तर सीमेच्या लेयरला "इन्व्हर्टेड पॉलिगॉन्स" ही शैली द्या, पांढरा रंग भरा आणि तो लेयर सगळ्यांच्या वर ठेवा. बाहेरचं सगळं पांढरं, मूळ डेटाला धक्का नाही. दिसण्यासाठी डेटा कापू नये, या मताची मी आहे.

मात्र दहा लेयर खरोखर कापायचे असतील तर एकेक करून कापत बसू नका. प्रत्येक निकालाला क्यूजीआयएस "क्लिप्ड" हेच नाव देतं. थोड्या वेळात डाव्या बाजूला सात "क्लिप्ड" उभे राहतात, त्यातलं माती कोणतं आणि रस्ते कोणते कळत नाही. शिवाय ते तात्पुरते असतात, प्रोजेक्ट सेव्ह केला तरी क्यूजीआयएस बंद केल्यावर जातात. क्लिपच्या खिडकीत खाली "रन ॲज बॅच प्रोसेस" हे बटण आहे. पहिल्या स्तंभात ऑटोफिल वापरून उघडलेले लेयर एकदम निवडा, ओव्हरले एकदा भरून ऑटोफिलमधल्या "फिल डाउन"नं खालपर्यंत भरा, निकालाच्या फायलींना मूळ लेयरचं नाव आपोआप लावायला सांगा. मध्येच "इनव्हॅलिड जॉमेट्री" म्हणून अडलं तर त्या लेयरवर आधी फिक्स जॉमेट्रीज चालवा. ती चूक दुर्लक्षित करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरू नका. एखादं गाव गुपचूप गळून जाईल. शेवटी "पॅकेज लेयर्स"नं सगळे एका जिओपॅकेज फायलीत बांधा. शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांवर तुटतं आणि देवनागरी नावांची चौकोनी डबडी होतात; आपल्या कामाला ती आता नकोच.

बॅच चालवण्याआधी लेयरांचे दोन ढीग करायला विसरू नका, कापायचे आणि वेचायचे. सगळे एकाच ढिगात घालून क्लिप मारणं, इथूनच वरचा सगळा गोंधळ सुरू होतो.

रास्टरचं, म्हणजे चौकोनी पिक्सेलांनी बनलेल्या लेयरचं, वेगळं. तिथे "क्लिप रास्टर बाय मास्क लेयर" असं नाव असलं तरी आत चालते ती वेचणीच. पिक्सेल अर्धा कापला जात नाही. त्याचा मध्य आकारात असेल तर तो अख्खा येतो, नसेल तर अख्खा जातो. ३० मीटरच्या पिक्सेलची जमीन ९ आर, १० मीटरच्याची १ आर. म्हणून एखाद्या शेततळ्यावर ३० मीटरचं चित्र कापून क्षेत्र काढण्यात अर्थ नाही. "कीप रिझोल्यूशन" हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे पिक्सेलचा आकार बदलणार नाही.

आणि उंचीचा लेयर, डीईएम, तालुक्याच्या सीमेनं कधीही आधी कापू नका. पाणी सीमा पाहून वाहत नाही. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, पण मांजरा निघते पाटोद्याच्या डोंगरातून. केजच्या आकारात डीईएम कापून प्रवाह मोजलात तर वरून येणारं सगळं पाणी हिशोबातून गेलं, आणि मांजरा केजच्या हद्दीत एखाद्या ओढ्यासारखी उगवलेली दिसते. आधी वरच्या पाणलोटासकट मोठा तुकडा घ्या, त्यावर प्रवाहाची दिशा आणि संचय काढा, मग तो निकाल तालुक्यापुरता कापा.